व्यवसायाचे स्वरूप

बँकेच्या फॉर्मवर तो रकाना एवढासाच होता.
व्यवसायाचे स्वरूप.
मी लिहिलं : बर्फ.

मॅनेजर पुसाळकरांनी चष्मा वर केला,
"म्हणजे आइस्क्रीम?"
"नाही. बर्फच. लाद्या. होड्यांसाठी."
ते म्हणाले, तुमचं शिक्षण बघता
मला वाटलं, काहीतरी कॉम्प्युटरचं असेल.
त्याला योजना आहे, सबसिडी आहे,
व्याजही दीड टक्का कमी.

दीड टक्क्याचा हिशेब मी रात्री केला.
बराच होतो.

सर्जेकोटला, जेटीकडे वळणाऱ्या रस्त्यावर
मेतरांचा कारखाना सात वर्षं बंद पडलेला.
पत्र्यांना भोकं, टाकीत बेडूक,
कॉम्प्रेसरवर कुणीतरी जाळं वाळत घातलेलं.
आबू तांडेलांनी ते बाजूला सारलं,
चाक हातानं फिरवलं, कान लावला.
"जीव आसा हेच्यात," म्हणाले,
"माझ्यापेक्षा जास्तीच."

हिंजवडीत नऊ वर्षं मी जे केलं
ते आईला कधी दाखवता आलं नाही.
विचारायची तेव्हा लॅपटॉप तिच्याकडे वळवायचे.
ती पदर सावरून बघायची,
सांगून आलेल्या स्थळाकडे बघावं तशी,
आणि म्हणायची, "बरा आसा."

अद्वैत, माझा चुलतभाऊ, व्हिडिओ कॉलवर कळवळला :
अगं, निदान एखादं ॲप तरी काढ.
कुठल्या होडीला किती बर्फ, बसल्या जागी कळेल.
मला ते उभ्या जागी कळतं.
पहाटे चारला खिडकीवर थाप पडते,
"गो बाय, धा लादी!"

आबूंनी शिकवलं ते एवढंच :
टाकीत खारं पाणी, डब्यात गोडं.
खारं उणे दहापर्यंत जातं
पण स्वतः गोठत नाही,
थंडी घेतं नि गोड्याला देत राहतं.
घाई केली तर लादीच्या पोटात पांढरं राहतं
आणि होडीत चढवताना ती तिथंच तडकते.
अठरा तास. अठरा म्हणजे अठरा.
पूर्वी मला सगळं कालच द्यायचं असायचं.

लाईट जाते.
तारेवर माड पडतो, वायरमन सावंतवाडीला असतो.
दुसऱ्याच महिन्यात चाळीस लाद्या
गटारातून समुद्राकडे निघाल्या.
मी त्यांच्यामागून धक्क्यापर्यंत गेले,
पाहुण्याला एसटीपर्यंत पोचवतात तशी.
परत येऊन फरशी पुसली.

उधारीची वही निळ्या पुठ्ठ्याची आहे.
खवळे, सहा लाद्या : बांगडो गावलो काय.
जॉन्या फर्नांडिस, चार : चेडवाचा लगीन झाल्यार.
हुस्नाबी, अर्धी, टोपलीपुरती : रोख.
हुस्नाबीचं नेहमीच रोख.
सुट्टे पैसे ओले असतात, त्यांना खवले चिकटलेले.
माझ्या जुन्या कुठल्याच तक्त्यात
बांगडा मिळाल्यास, असा रकाना नव्हता.
आता आहे, आणि त्याच्यावर हप्ता चालतो.

जून-जुलै मासेमारी बंद.
हप्त्याला बंदी नाही.
डबे रंगवले. साखळीला ग्रीस दिलं.
हिंजवडीहून एक मेल आला होता, सभ्य,
जागा अजून रिकामी आहे म्हणून.
तो मी दोन दिवस न पुसता ठेवला.
खोटं कशाला सांगू, तीन दिवस.

ऑगस्टात आई पहिल्यांदा कारखान्यात आली.
चप्पल बाहेर काढली, देवळात काढावी तशी.
मी ओरडले, अगं घाल, पाय भाजतील थंडीनं.
आबूंनी कप्पीवरून एक लादी खाली सोडली,
निवळ काच, आरपार पलीकडची भिंत दिसणारी.
आईनं तिच्यावर तळवा ठेवला.
उचलला नाही.
लाल होईपर्यंत ठेवला.

मला वाटलं, आता म्हणेल, बरा आसा.

"केवढ्याक?" तिनं विचारलं.
मी भाव सांगितला.
तिला महाग वाटला.